मज्जातंतूंचे दुखणे व केटामिनचा उपचार : एका साहाय्याचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे आपण ऐकत आलो आहोत. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे आणि वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य आहे. असे असता चिटणिसांनी मला ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, ती मी जाणकार आहे म्हणून नव्हे. मी मंडळाचा ऋणको आहे म्हणून केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून माझ्या पत्नीच्या उपचारासाठी ४०,००० रुपये देण्यात आले. त्या सभेत बराच वाद झाला हे मला ठाऊक आहे. ज्या द्रव्याची तरुण मुले शहरांत नशा करितात, त्यासाठी ज्ञातीचा पैसा का द्यावा, असा प्रश्न एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारला होता. प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मला त्याचे उत्तर नीट देता आले नाही. आज ते द्यावे आणि आपल्या पैशाने काय मिळाले व काय मिळाले नाही ह्याचा जमाखर्च आपणांपुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

सन २०२१ च्या गणेशोत्सवात, गौरीपूजनाच्या दिवशी, ओल्या ओसरीवर पाय घसरून माझी पत्नी पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. साताऱ्यास प्लॅस्टर घातले. सहा आठवड्यांनी ते काढले, क्ष-किरण चित्र घेतले, आणि हाड उत्तम जुळले आहे असे डॉक्टरांनी सांगितले. ते खरेही होते. परंतु हात काही बरा झाला नाही. तो वांग्यासारखा तुकतुकीत सुजलेला असे. एखादे दिवशी लालभडक दिसे, तर दुसऱ्या दिवशी निळसर. कधी दुसऱ्या हाताहून ऊन लागे, कधी गार. तळव्याला घाम सुटे. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, नुसता पदर त्या हातावरून गेला तरी ती कळवळून उठे. पंख्याचा वारासुद्धा तिला सोसवत नसे. मुठीत निखारा धरल्यासारखे होते, असे ती म्हणे.

येथे मला माझा अपराध सांगितला पाहिजे. छत्तीस वर्षे मी वर्गात मुलांची तोंडे पाहिली. कोणाचे पोट खरोखर दुखते आणि कोणाचे गणिताच्या तासापुरते दुखते, हे मला चेहऱ्यावरून कळते असा माझा अभिमान होता. हाड जुळले असे डॉक्टर सांगतात, चित्रात ते दिसते, मग दुखते कशाला, असा माझा सरळ हिशेब होता. 'मनावर घेऊ नकोस', 'कामाला लागलीस म्हणजे आपोआप थांबेल', असे मी तिला म्हणत असे. नातेवाईक याहून अधिक बोलले. हळदीकुंकवास ती हात पुढे करीना म्हणून तिला अहंकारी ठरविण्यात आले. सून आल्यावर सासूचा हात दुखू लागला, असा विनोदही आमच्याच घरी, तिच्यासमोर झाला, आणि मी त्याला हसलो.

चौदा महिने असे गेले. जानेवारी २०२३ मध्ये एके रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. शेजारी अंथरूण रिकामे होते. न्हाणीघरात दिवा न लावता ती पाटावर बसली होती आणि हात पाण्याच्या बादलीत बुडवून, तोंडात पदराचा बोळा धरून, आवाज न करता रडत होती. 'अहो, तुमची झोप मोडेल म्हणून दिवा लावला नाही,' एवढेच ती म्हणाली. त्या क्षणी माझा छत्तीस वर्षांचा अभिमान गळून पडला. जो ढोंग करतो त्याला पाहणारा लागतो. मध्यरात्री, काळोखात, तोंड दाबून कोणी ढोंग करीत नाही.

त्यानंतर आम्ही पुण्यास एका रुग्णालयातील वेदना-चिकित्सा विभागात गेलो. असा स्वतंत्र विभाग असतो हेही मला ठाऊक नव्हते. तेथील डॉक्टरबाई मूळच्या भूलतज्ज्ञ. त्यांनी दोन्ही हातांची उष्णता ताडून पाहिली, नखे पाहिली, कापसाचा बोळा हलकेच मनगटावरून फिरविला. पत्नी किंचाळली. बाईंनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, 'काकू, तुमचं दुखणं खरं आहे.' हे वाक्य चौदा महिन्यांत तिला प्रथमच ऐकावयास मिळाले, आणि ते घरच्या माणसाकडून मिळाले नाही. ती तेथेच रडू लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

ह्या विकाराला कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम असे नाव आहे. हाड मोडल्यावर, मुका मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर काही थोड्या लोकांना तो जडतो. मनगटाच्या मोडीनंतर तो विशेष आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. तो ओळखण्याची लक्षणे २००३ साली बुडापेस्ट शहरी जमलेल्या तज्ज्ञांनी ठरविली. त्यांत सूज, रंग, उष्णता, घाम, स्पर्शाची असह्यता ह्या साऱ्यांचा समावेश आहे. म्हणजे जी लक्षणे आमच्या घरात आम्ही हसण्यावारी नेली, ती पुस्तकात एकाखाली एक छापलेली होती.

विकार नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ ह्या काळात यादवी युद्ध झाले. त्या युद्धातील जखमी सैनिकांसाठी फिलाडेल्फिया शहरात एक खास रुग्णालय उघडले होते आणि तेथे सायलस वेअर मिचेल नावाचे डॉक्टर काम करीत. गोळीने मज्जातंतू दुखावलेले कित्येक सैनिक जखम भरून आल्यावरही हातापायांची आग आग होते असे सांगत. ते हाताला सतत ओले फडके गुंडाळून ठेवीत. काहीजण तर बुटांत पाणी ओतून चालत. मिचेल ह्यांनी त्यांना खोटे ठरविले नाही. त्यांनी ते सारे लिहून ठेवले आणि ह्या जळजळीस ग्रीक शब्दांवरून 'कॉजाल्जिया' असे नाव दिले. ही हकीकत मला डॉक्टरबाईंनी सांगितली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातील ती बादली उभी राहिली.

आता हे दुखणे होते कसे, ते मला समजले तेवढे सांगतो. नेहमीचे दुखणे हे शाळेच्या घंटेसारखे असते. काटा रुतला, हात भाजला, की मज्जातंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत वर्दी नेतात, तेथून ती मेंदूकडे जाते, आणि मेंदू आपणांस सावध करतो. काटा निघाला, जखम भरली, की घंटा थांबते. मज्जातंतूंच्या दुखण्यात घंटा वाजविणारी यंत्रणाच बिघडते. शाळा सुटून मुले घरी गेली तरी घंटा वाजतच राहते. मधुमेहात पायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी ठणक, कापून टाकलेला पाय नसताही त्यात होणाऱ्या वेदना, ही सारी ह्याच जातीची दुखणी होत.

मज्जारज्जूत एका तंतूकडून दुसऱ्या तंतूकडे निरोप पोचविण्याचे काम ग्लुटामेट नावाचे द्रव्य करते. ते ज्या दारांवर थाप मारते, त्यांपैकी एका जातीच्या दारांना एन.एम.डी.ए. असे नाव आहे. एरवी ह्या दारांना मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते आणि साध्या थापेने ते निघत नाही. परंतु वेदनेचे निरोप पुन्हा पुन्हा, जोराने येऊ लागले की बूच निघते, दार उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. मग ती पेशी इतकी हळवी होते की, स्पर्शाचा निरोपही तिला वेदनेचाच वाटू लागतो. लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ ह्या शास्त्रज्ञाने १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून मज्जारज्जूतील ही वाढलेली हळवी अवस्था दाखवून दिली. पदराच्या स्पर्शाने माणूस का किंचाळते, ह्याचे उत्तर त्यात आहे. बिघाड मनगटाच्या हाडात नसतोच. म्हणून क्ष-किरण चित्रात तो सापडत नाही.

त्याच १९८३ साली डेव्हिड लॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, केटामिन हे औषध नेमक्या ह्याच एन.एम.डी.ए. दारांना रोखते. उघड्या दारात शिरून ते अडसरासारखे आडवे बसते.

केटामिनचा जन्म मात्र निराळ्या कामासाठी झाला होता. अमेरिकेतील पार्क-डेव्हिस ह्या औषध कंपनीसाठी काम करणाऱ्या कॅल्व्हिन स्टीव्हन्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ साली ते प्रथम तयार केले. १९६४ साली एडवर्ड डॉमिनो व ग्युंथर कॉर्सन ह्यांनी मिशिगन राज्यातील एका तुरुंगातील कैद्यांना ते टोचून त्याचा गुण पाहिला. बंदिवानांवर असे प्रयोग करणे आज कोणी योग्य म्हणणार नाही. पण जे घडले ते सांगितले पाहिजे. त्या माणसांचे डोळे उघडे असत, श्वास चालू असे, तरी ती आपल्या देहापासून सुटून दूर गेल्यासारखी वाटत. ह्या अवस्थेला 'वियुक्त' अशा अर्थाचा जो इंग्रजी शब्द पुढे रूढ झाला, तो डॉमिनो ह्यांच्या पत्नीने सुचविला होता. १९७० साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते पुष्कळ वापरले गेले. भूल देणाऱ्या इतर बहुतेक औषधांनी श्वास मंदावतो व रक्तदाब उतरतो. केटामिनने सामान्यतः तसे होत नाही. त्यामुळे जेथे मोठी यंत्रसामग्री नाही अशा लहान रुग्णालयांना ते वरदान ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

म्हणून सभेत विचारलेल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : केटामिन हे मूळचे भुलीचे औषध आहे, आणि त्याची नशा केली जाते हेही तितकेच खरे आहे. वारंवार नशा करणाऱ्यांचे मूत्राशय कायमचे खराब होऊ शकते. आपल्या सरकारने २०१३ च्या अखेरीस ते औषध नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये घातले. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते व एक प्रत औषधविक्रेत्यास दोन वर्षे जपून ठेवावी लागते. परंतु चीनने २०१५ साली त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याची सूचना संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने तिला विरोध केला. कारण गरीब देशांतील शस्त्रक्रिया त्यामुळे अडल्या असत्या. चाकूने भाजी चिरतात आणि माणूसही मारतात. प्रश्न तो कोणाच्या हाती आहे हा असतो.

पुण्यास प्रथम आम्हांला केटामिन कोणी सुचविले नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आधी गोळ्या झाल्या. त्या फेफरे व उदासीनता ह्यांवरील औषधांच्या जातीच्या, पण मज्जातंतूंच्या दुखण्यातही देतात. मानेजवळ एक इंजेक्शन देऊन हाताकडे जाणाऱ्या काही तंतूंना बधिर करून पाहिले. फिजिओथेरपी चालू केली, परंतु हात हलविला की दुखे, आणि दुखते म्हणून हात हलेना. अशाने सांधे आखडत चालले. वेदना शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजतात. वर्षअखेरीस तिचा आकडा आठाच्या खाली उतरला नव्हता. तेव्हा डॉक्टरबाईंनी केटामिनचा विषय काढला.

त्यांनी आम्हांला भुलविले नाही. जे ठाऊक आहे ते समोर मांडले. फिलाडेल्फियातच, म्हणजे मिचेल ह्यांच्याच गावी, २००९ साली एकोणीस रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात रोज चार तास, असे दहा दिवस औषध दिले होते व वेदना कमी झाल्या होत्या. त्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन येथील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात साठ रुग्ण होते. निम्म्यांना चार दिवसांहून थोडा अधिक वेळ केटामिन दिले, निम्म्यांना नुसतेच पाणी. पहिल्या आठवड्यात केटामिनवाल्यांचे दुखणे निम्म्याच्या आसपास होते. बाराव्या आठवड्यात दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, आणि हाताची वा पायाची कामाची ताकद मुळीच वाढली नव्हती. अमेरिकेतील तीन तज्ज्ञसंस्थांनी २०१८ साली एकत्र येऊन मार्गदर्शक मते प्रसिद्ध केली. ह्या विकारात बारा आठवड्यांपर्यंत आराम पडतो असे म्हणण्यास पुरावा आहे, पण तो मध्यम प्रतीचा आहे, असे त्यांचे सांगणे होते.

'गुरुजी,' बाई म्हणाल्या, 'मी तुम्हांला बरं करण्याचं वचन देत नाही. थोडे दिवस उसने मिळतील. त्या दिवसांत हात हलवून घ्यायचा.'

नेमक्या त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अमेरिकेतील मॅथ्यू पेरी हा नट मरण पावला व डिसेंबरात त्याच्या मृत्यूस केटामिन कारण झाल्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांत ते वाचून चार नातेवाइकांनी मला दूरध्वनी केला. मुलगाही कचरला. आम्ही सारे चर्चा करीत होतो आणि जिचा हात होता ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, 'चौदा महिने तुम्ही सगळ्यांनी माझ्या हाताबद्दल ठरवलंत. आता मी ठरवते.' आणि तिने ठरविले.

उपचार फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा दिवस चालला. आधी यकृताची तपासणी, हृदयाचा आलेख, रक्तदाब हे पाहिले. पूर्वी कधी मनोविकार झाला होता काय, हेही विचारले. ज्यांचा रक्तदाब काबूत नाही, हृदय वा यकृत फार बिघडलेले आहे, ज्यांना भ्रमिष्टपणाचा विकार आहे, जी स्त्री गरोदर आहे, अशांना हे देत नाहीत. रोज सकाळी उपाशीपोटी नेत. सलाईनमधून, यंत्राने मोजून, तासाला सुमारे वीस मिलिग्रॅम ह्या बेताने चार तास औषध शिरेत सोडीत. पूर्ण भुलीसाठी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास औषध एकदम देतात. हे त्याहून पुष्कळ सौम्य. उशाशी नाडी, रक्तदाब व प्राणवायू दाखविणारे यंत्र सतत चालू असे. परिचारिका हलत नसे आणि भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असत. दोन दिवस तिला ओकाऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी रक्तदाब चढला म्हणून औषधाचा वेग कमी करावा लागला.

त्या चार तासांत काय वाटत होते, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, 'हात खाटेवर होता, मी कुठंतरी वर होते. दुखणं गेलं नव्हतं. पण ते शेजारच्या घरात होतं. भिंतीपलीकडं कुणीतरी रडतंय, एवढंच ऐकू येत होतं.' छत्तीस वर्षे भाषा शिकविली, पण मला असे वर्णन करता आले नसते.

आता जमेची बाजू. दहाव्या दिवशी आकडा आठावरून तीनवर आला. घरी आल्यावर तिने दोन वर्षांत प्रथमच उजव्या हाताने कपाळी कुंकू लावले. दुसऱ्याच दिवसापासून फिजिओथेरपिस्ट बाईंनी कामाला लावले. आधी मऊ कापूस, मग सुती कापड, मग खरखरीत पंचा असे हातावर फिरवावयाचे. आरसा उभा धरून त्यात डाव्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवावयाचे, म्हणजे उजवा हातही न दुखता हलतो आहे असे मेंदूला वाटते. पिठाचा गोळा मळावयाचा. ही पोरकट वाटणारी कामे तिने रोज दोन वेळा, मुलीने गृहपाठ करावा तशी केली, आणि मी वहीत नोंद ठेवली.

आणि खर्चाची बाजू. नवव्या आठवड्यापासून आग पुन्हा जाणवू लागली. वैशाख संपेपर्यंत आकडा सहावर गेला. तो आजही पाच-सहाच्या दरम्यान असतो. म्हणजे दुखणे परत आले. मात्र आठावर गेले नाही, आणि मधल्या काळात सैल झालेली बोटे पुन्हा आखडली नाहीत. आज ती कपबशी धरते, वेणी घालते, पदर खांद्यावर घेते. भाकरी थापता येत नाही, धुणे पिळता येत नाही. हा गुण केटामिनचा किती आणि पिठाच्या गोळ्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही.

रुपयांचा हिशेब असा : एकूण खर्च ९२,०००. त्यापैकी खाट, यंत्रे व शुश्रूषा ५८,०००, डॉक्टरांचे मानधन २१,०००, तपासण्या ९,०००, आणि केटामिन, सलाईन व नळ्या मिळून ४,०००. औषध स्वस्त आहे. महाग आहे ती देखरेख, आणि तीच सोडता येत नाही. कोणी देखरेखीवाचून स्वस्तात देतो म्हणाला, तर त्याच्या दारातून परत फिरावे. मंडळाचे ४०,००० वजा जाता बाकीची रक्कम मी निवृत्तिवेतनातून भरली.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा उपचार घेण्याविषयी विचारले. पत्नीने नको म्हटले. 'त्या चार तासांत मी माझी राहत नाही. तेवढ्यासाठी जे मिळतं ते मिळालं. आता आहे त्यात हात चालवते,' असे तिचे म्हणणे पडले. दुसरी एखादी हो म्हणेल, आणि तिचेही बरोबर असेल. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, कॉक्रेन ह्या संस्थेने दीर्घकालीन वेदनांवरील केटामिन व त्याच्या जातीच्या औषधांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. सदुसष्ट प्रयोग आणि दोन हजारांहून अधिक रुग्ण तपासूनही निश्चित लाभ होतो असे म्हणण्याजोगा स्पष्ट पुरावा सापडला नाही. भ्रम, मळमळ, ओकारी हे त्रास मात्र दिसून आले. ह्यात आणखी एक अडचण आहे. केटामिन घेतलेल्या माणसाला डोके तरंगू लागताच आपणांस खरे औषध मिळाले हे कळते. त्यामुळे औषधाचा गुण कोणता व आशेचा गुण कोणता, हे निवडणे अवघड होते. म्हणून ज्या बंधूंनी सभेत शंका काढली, त्यांची शंका शास्त्रालाही आहे, हे मी प्रांजळपणे मान्य करितो.

मग आपला पैसा वाया गेला काय? मला तसे वाटत नाही. पण मी पक्षकार आहे, निवाडा आपण करावा. माझ्या अनुभवावरून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवितो. पहिली ही की, अशा उपचारासाठी अर्ज आला तर नुसते नाव ऐकून तो फेटाळू नये आणि नुसत्या दयेने मंजूरही करू नये. निदान कोणी केले, आधीची साधी औषधे करून झाली काय, भूलतज्ज्ञ व यंत्रे हजर असतील काय, आणि आराम पडेल त्या आठवड्यांत व्यायामाची काय व्यवस्था आहे, हे चार प्रश्न विचारावे. चौथ्याचे उत्तर नसेल तर पहिल्या तिन्हींचा उपयोग थोडा. दुसरी ही की, मधुमेहाने वा नागिणीने पायापाठीची आग होणारे पुष्कळ वडीलधारे ह्या सभागृहात बसले असतील. त्यांनी माझ्या ह्या भाषणावरून केटामिन मागू नये. त्यांच्यासाठी आधी घ्यावयाच्या साध्या गोळ्या आहेत. त्यांनी एवढेच करावे की, दुखणे लपवू नये व वेळेवर दाखवावे.

तिसरी विनंती पैशाची नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिला एक टीप जोडली. माणूस मला दुखते असे सांगत असेल, तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असा तिचा आशय आहे. आपल्याकडे 'ज्याचे जळते त्यालाच कळते' अशी म्हण आहे. ती मी मुलांना कित्येक वेळा फळ्यावर लिहून दिली, अर्थ विचारला, गुण दिले. आणि स्वतःच्या घरी ती मला चौदा महिने कळली नाही. मनगटाची मोड झाल्यावर सूज व आग राहत असेल तर लवकर उपचार केल्याने पुढचे पुष्कळ टळू शकते, असे डॉक्टर सांगतात. आमचे चौदा महिने औषधाच्या अभावी गेले नाहीत. माझ्या अविश्वासापायी गेले. त्या रकमेचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

म्हणून, बंधु-भगिनींनो, आपल्या घरात कोणी सून, सासू, मूल वा म्हातारा माणूस दुखते म्हणून सांगत असेल आणि चित्रात काही दिसत नसेल, तर चित्रावर विश्वास ठेवा, पण माणसावरही ठेवा.

मंडळाने दिलेल्या साहाय्यापैकी ५,००० रुपयांची पहिली परतफेड मी आज चिटणिसांकडे जमा करीत आहे. उरलेली रक्कम यथाशक्ति, निवृत्तिवेतनातून, हप्त्याने फेडीन. ती पुन्हा अशाच एखाद्या न दिसणाऱ्या दुखण्याच्या कामी यावी, अशी माझ्या पत्नीची इच्छा आहे. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. संमेलनास येताना तिने मला एवढेच सांगितले की, 'बादलीचं सांगू नका.' तिची ती आज्ञा मी मोडली, त्याबद्दल आपणा सर्वांसमक्ष तिची क्षमा मागतो.